सात आकड्याची मेणबत्ती

…नाही, पण मी म्हणतो, ह्यात माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा! अकरा महिने! अकरा महिने मी, हेबेर ऑलिव्हेरा, उरुग्वेतल्या मोंतेव्हिदेओत मुलीला स्थळं बघावीत तसे डेटाबेस बघत बसलो, आणि हाती काय आलं? सांगतो ना, थांबा.

आमची सुपरमार्केटं चौदा. मालक दार्दोसाहेब म्हणाले, "हेबेर, दहा वर्षांची सगळी बिलं एका जागी साठवायची, आणि आपण प्रश्न विचारला की मशीननं फाडकन उत्तर द्यायचं. डेटाबेस कुठला घ्यायचा ते तू ठरव. चुकलास तर तुझ्या खुर्चीत माझा भाचा बसेल." भाचा! अहो, ज्याला प्रिंटरचं बटण सापडत नाही तो!

आले तीन कंपन्यांचे तिघं. एक साओ पाउलोचा, सारखा मिठ्या मारणारा. दुसरा ब्युनोस आयर्सचा, "सोडा हो, आमच्यापुढे उभं कोण राहतंय!" तिसरी सान्तियागोची बाई, ती श्वास कधी घ्यायची देव जाणे. तिघांना तीच बिलं दिली आणि एकच प्रश्न घातला, दहा वर्षांत आपल्याकडे सगळ्यात जास्त काय खपलं? सोप्पं! उरुग्वेत काय खपणार? माटेची पत्ती, आमचा चहाच तो! आम्ही थर्मास बगलेत मारूनच जन्माला येतो हो!

पहिल्यानं चाळीस मिनिटं घेतली. उत्तर काय? वाढदिवसाची मेणबत्ती, आकडा सात! म्हटलं, घालवा ह्याला. दुसऱ्यानं बारा मिनिटांत सांगितलं… मेणबत्ती, आकडा सात! तिसरीला दोन सेकंद लागले… तीच मेणबत्ती! पावापेक्षा जास्त, दुधापेक्षा जास्त! अख्खा देश दरवर्षी सात वर्षांचा होतोय का? आता ह्यात माझं काय चुकलं?

शेवटी तडक दुकानात गेलो. गल्ल्यावर निबियाताई, सव्वीस वर्षं तिथंच. समोर टोमॅटो आले, पिशवीवर वजन-किमतीची चिठ्ठी नाही. बाईंनी टक टक टक टक, चार वेळा सात दाबले!

"ताई, हे काय?"

"चिठ्ठी नसली की सात-सात-सात-सात दाबायचं आणि किंमत हातानं घालायची. रांग खोळंबत नाही. चौदाही दुकानांतल्या पोरींना मीच शिकवलंय!"

"अहो, पण तो सातच्या मेणबत्तीचा नंबर आहे!"

"असेल. मशीन कुरकुरत नाही, मग तू कशाला कुरकुरतोस? सरक बाजूला, मागं लोक उभे आहेत."

धावत साहेबांकडे आलो. तर भाच्यानं तिन्ही रिपोर्ट आधीच नेऊन दाखवलेले, आणि साहेबांचे डोळे पाणावलेले! "हेबेर, तीन देशांची तीन मशीनं आणि एकच उत्तर! आणि आपण मूर्ख, मेणबत्त्या कोपऱ्यात ठेवत होतो! मागवल्या मी. दोन कंटेनर!"

"साहेब, अहो, ती निबियाताई चुकीचा नंबर…"

"खबरदार! सव्वीस वर्षांत त्या बाईची एक चूक नाही, आणि तू तिच्यावर आळ घेतोस? सोड ती खुर्ची!"

आता म्हणाल, मग डेटाबेस कुठला घेतला? कुठला घेणार, कपाळ! त्याचे पैसे मेणबत्त्यांत गेले. खुर्चीत भाचा बसला. मला मात्र काढलं नाही हं, साहेब मनानं चांगले, मला विक्रीला लावलंय. तर मी काय म्हणतो… तुमच्याकडे कोणी सात वर्षांचं आहे का हो? सत्याहत्तरचं असेल तर सोन्याहून पिवळं… दोन लागतात.