सगळ्यांनी ऐकलेली प्रार्थना

सलाम मंडळी! पुढं सरका जरा! खांबाच्या मागं बसलेल्या माझ्या बहिणींनो, खांब काही तुमच्यासाठी प्रार्थना करणार नाही! — हां, असं.

आज एक प्रश्न घेऊन आलोय. प्रार्थनेनं बळ मिळतं. खरं का नाही? — खरं! सगळ्यांच्या माना डोलल्या. मग मला सांगा, एखाद्यासाठी आपण सगळे मिळून प्रार्थना करतो, आणि तोच माणूस तिथंच, त्या प्रार्थनेतच मोडून पडतो — असं का होतं? खोट कुणात? देवात? का प्रार्थनेत? का...

नका, लगेच उत्तर नका देऊ. आधी ऐका! तबलजी, धरा —

*हळूच बोल रे मना, जवळच आहे तो!*

राहुरीच्या पुढं, कालव्याला लागून एक वस्ती. सगळी आपलीच ख्रिस्ती माणसं. तिथं दर बुधवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी सभा. सतरंजी टाकायची, गाणी म्हणायची, पाळकसाहेबांनी चार शब्द बोलायचे, आणि शेवटची प्रार्थना — बर्णबाकाकांनी!

बर्णबाकाका म्हणजे एसटीचे रिटायर कंडक्टर. आवाज असा, की गाडीला घंटीची गरजच नाही! पण प्रार्थना? अहाहा! अशी गोड, अशी लांब! चहा गार व्हायचा, पोरं एक डोळा उघडून मुरमुऱ्याच्या परातीकडं बघायची, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ उतरायची — काका अजून अब्राहामापाशीच! तरी लोक म्हणायचे, "प्रार्थना असावी तर काकांची!" आणि काका खाली बघून म्हणायचे, "गौरव प्रभूला." — पण खाली बघताना कान कुठं असायचे, ते देवालाच ठाऊक!

त्याच वस्तीत दमयंतीबाई आढाव. विधवा बाई, एकुलता मुलगा नथनेल. मोटार वाइंडिंगचं दुकान त्याचं. बोटं अशी, की तांब्याची तार गुंडाळावी तर त्यानंच आणि तबला वाजवावा तर त्यानंच. पण मंडळी, दारू! दारूनं सगळं खाल्लं होतं. मग व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, दारू सुटली, नाताळात पुन्हा तबल्यावर बसला. त्या दिवशी दमयंतीबाईंनी गाणं म्हटलंच नाही, नुसत्या त्याच्या बोटांकडं बघत राहिल्या.

आणि एका रविवारी, मित्राच्या लग्नात, घसरला. एकदाच. आईच्या पायाशी बसून स्वतःच सांगितलं, "आई, घेतली गं. कुणाला बोलू नको. मी परत उभा राहतो."

आता आईच ती! एकटीला पेलवेना. बुधवारी सकाळी गेली काकांच्या दारात.

"काका, पोरगं घसरलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा. पण कुणाला कळू देऊ नका. मी तुम्हाला सांगितलं, हे त्यालासुद्धा नको कळायला."

काका म्हणाले, "बाई, हे मी आणि माझा देव!"

बाई हलकी होऊन घरी गेली. आणि काका? गुडघ्यावर बसले? — कसले! पेपर वाचला. झाडांना पाणी घातलं. वामकुक्षी घेतली. देवाला एक अक्षर नाही! हसताय? हसा, हसा. "प्रार्थनेत आठवण ठेवतो हं" असं आपण या महिन्यात कुणाकुणाला म्हणालो, ते आठवा, आणि मग हसा!

... झालं हसून? चला पुढं.

त्याच संध्याकाळी सभा होती — कुणाच्या घरी? दमयंतीबाईंच्याच! सतरंजी नथनेलनं टाकली. पाण्याचा हंडा त्यानंच भरून ठेवला. तबल्यावरही तोच. सभा रंगली, आणि पाळकसाहेब म्हणाले, "काका, शेवटची प्रार्थना."

काका उभे राहिले. डोळे मिटले. आवाज लागला. आजारी झाले, प्रवासी झाले, सरकार झालं — आणि मंडळी, आवाज रंगला ना, की जीभ कुठं थांबते?

"आणि हे दयाळू प्रभो! या घरातलं तुझं एक लेकरू! दलदलीतून काढलंस त्याला! पण हाय, रविवारच्या लग्नात ते पुन्हा त्याच चिखलात पडलं! त्याच्या आईचे अश्रू आज सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, प्रभो! —"

डोळे सगळ्यांचे मिटलेले. कान? सगळ्यांचे उघडे! कुणीतरी "च्च च्च" केलं. कुणीतरी शेजारणीला कोपरानं ढोसलं. काकांनी प्रार्थना संपवली, आणि सगळं घर एका आवाजात म्हणालं —

आमेन!

डोळे उघडले. नथनेल आईकडं बघत होता. रागानं नाही हो. राग परवडला असता. तबल्यावर कापड टाकलं त्यानं, आणि स्वतःच्या घरातून, पाहुण्यांच्या चपलांतून वाट काढत, अनवाणी निघून गेला.

दमयंतीबाई उभ्या राहिल्या. "काका, मी तुम्हाला प्रार्थना करायला सांगितलं होतं. तुम्ही बातमी दिलीत."

"अगं बाई, देवासमोर काय लपवायचं?"

"देवाला आधीच माहीत होतं, काका. ह्यांना नव्हतं."

चहा तयार होता. कुणी प्याला नाही.

*हळूच बोल रे मना, जवळच आहे तो!*

काका घरी आले. ताटावर बसले, हात जोडले, आणि शब्द फुटेना! एस्तेरकाकू वाट बघून म्हणाल्या, "काय हो? आज भातावर आशीर्वाद नाही? का चार माणसं बोलवू ऐकायला?"

"एस्तेर, मी त्या पोराच्या भल्यासाठीच —"

"मी तिथंच होते. 'अश्रू' म्हणताना आवाज चढवलात तुम्ही. देव काय कालव्याच्या पलीकडं बसलाय?"

काका उपाशीच उठले.

आणि वस्तीचं काय? वस्ती तर फार प्रेमळ! नथनेल रस्त्यानं निघाला, की पारावरून आवाज — "नथूभाऊ, तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे बरं का!" किराणा घ्यायला गेला, की — "प्रार्थनेत आहेस तू आमच्या!" शब्द प्रार्थनेचा, आणि टोचतोय कसा? सुईसारखा! पोरानं सभा सोडली, रविवारचं देऊळ सोडलं. आईशी बोलणं सोडलं. आता एकच दार उरलं होतं, जिथं कुणी काही विचारत नाही. दुकान ते घर, मधल्या वळणावर देशीचं दुकान!

शेवटी काका गेले त्याच्याकडं. भर दुपारी. नथनेल तार गुंडाळत होता, मान वर केली नाही.

"बाळा, प्रभूच्या अपार करुणेनं मी आज तुझ्या दारी —"

"काका, सभेतलं नको. साधं बोला."

काका खाली टेकले. "चुकलो रे."

"एक विचारू?" नथनेल म्हणाला. "आईनं सकाळी सांगितलं तुम्हाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कुणी ऐकत नसताना, एकदा तरी घेतलं माझं नाव देवाजवळ?"

मंडळी! बसमध्ये भांडणाऱ्या पन्नास माणसांना गप्प करणारा तो माणूस! आज समोरच्या तारेकडं बघत हळूच म्हणाला, "नाही. पहिल्यांदा घेतलं ते लोकांसमोरच."

हातातली तार थांबली. खरं बोललेलं कळतं हो माणसाला.

"मला दिवसाचं काही वाटत नाही, काका," नथनेल हळू बोलला. "हात कामात असतात. शटर ओढलं, की मग भीती वाटते. ते वळण येतं. आई घ्यायला येते म्हणाली, मी ओरडलो तिच्यावर. तुम्हाला माझ्यासाठी काही करायचंय ना? तेवढ्या वाटेपुरतं बरोबर चाला. आणि तोंड बंद ठेवून!"

तोंड बंद! बर्णबाकाकांना! पण गेले हो. शटर ओढायच्या वेळेला हजर. वळण आलं, नथनेलची पावलं जड झाली. काकांच्या जिभेवर सगळे सुंदर शब्द आले, आणि त्यांनी ते गिळले. मनात एवढंच म्हणाले — प्रभू, ह्याला पुढं ने. अलंकार नाही, अब्राहाम नाही. आणि ती प्रार्थना ऐकायला तिथं कोण होतं? ज्यानं ऐकायची, तोच फक्त! वळण गेलं.

आठवा, क्रुसाच्या आदल्या रात्री प्रभू स्वतः बागेत दुःखानं पिळून निघत होता, तेव्हा मित्रांकडं त्यानं काय मागितलं? भाषण? नाही हो! जवळ राहा, जागे राहा, एवढंच!

पुढच्या बुधवारी सभा भरली. तबला रिकामा. पण दमयंतीबाई आल्या होत्या. पाळकसाहेबांनी सवयीनं म्हटलं, "काका, शेवटची प्रार्थना." लोकांनी मांड्या बदलल्या, आता लांब बसायचंय म्हणून. काका उभे राहिले.

"प्रभू, त्या दिवशी तुझं नाव घेऊन मी ह्या लोकांशी बोललो. माझी मलाच लाज वाटते. क्षमा कर. आमेन."

लोकांचे डोळे अजून मिटलेलेच! त्यांना वाटलं, ही तर सुरुवात! डोळे उघडून बघतात, तर काका दारात, चप्पल शोधतायत.

"अहो काका, चहा तरी घ्या!"

"नको. शटर ओढायची वेळ झाली."

आणि दमयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

मंडळी, त्या घरात काका एकटेच चुकले का? आमेन कुणी म्हटलं होतं? सगळ्यांनी! एकानं तरी डोळे उघडून म्हणायचं होतं — काका, बस! नाही म्हटलं. ऐकायला बरं वाटत होतं ना!

आज इथून उठल्यावर दारात कुणीतरी तुमचा हात धरून म्हणेल, माझ्यासाठी प्रार्थना करा. त्याच्यात उभं राहायचं बळ यावं, का त्याचे गुडघे मोडावे, हे काही अंशी तुमच्या तोंडावर आहे! तेव्हा सांभाळा.

शेवटची प्रार्थना मी मोठ्यानं करणार नाही. तबला थांबवा. पेटी मिटा. प्रार्थनेत घेतो असं कबूल करून विसरलेलं एक नाव असेल तुमच्यापाशी — घ्या ते. मनात. आणि आमेनसुद्धा मनातच.