पोलीस की मिलिटरी?

हैदराबादला काचीगुड्याच्या एसटीडी बूथपाशी रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. दिल्लीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने, वसुधाने, एका वर्दीतल्या मुलाशी स्वतःच लग्न ठरवलं होतं.

"पोलीस की मिलिटरी, एक काय ते सांगा," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"सीमा सुरक्षा दल. पासष्टच्या लढाईपर्यंत सीमेवर राज्यांचे पोलीसच असायचे. मग हे दल उभारलं."

"म्हणजे पोलीसच! तुमच्यासारख्या वकिलाच्या घरात पोलीस जावई?"

"अगं, तो चोर नाही, घुसखोर पकडतो. जैसलमेरकडे, उंटावरून."

"उंट? नक्को बाबा! शेजारच्या मूर्तींचा मुलगा बघा, कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चाललाय."

"तो सीमा ओलांडणार, हा राखणार. पोरगी कुठे हवी तुला?"

नंबर लागताच बाईंनीच फोन घेतला.

"हॅलो वसू? जावईबापूंना सुटी कधी मिळते? आणि अंबाडीची भाजी खातात का, विचार."