वारा हाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ऑर्वेन एनर्जीचे भारतातले प्रमुख माननीय राधाकृष्णसाहेब, खडकमाळच्या सरपंच विजयमालाताई, व्यासपीठावर आज पहिल्यांदाच आणि तेही नाइलाजाने बसलेले आपले सत्कारमूर्ती बन्सीभाऊ ठुबे, वर बसायला ठाम नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी बनुबाई, टेम्पो करून माळावरून केडगावपर्यंत आलेली गावकरी मंडळी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी सुनीती, खडकमाळच्या पवनचक्की प्रकल्पाची प्रमुख. माझ्या हातात मुख्य कार्यालयाचा कागद आहे. आधी कंपनीने वर्षभरात काय गाठलं ते वाचायचं आणि मग बन्सीभाऊंना निरोप द्यायचा, अशी सूचना आहे. तर वाचते. जगभरातला महसूल बारा टक्क्यांनी वाढला. कर्मचाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण एकतीस टक्क्यांवर गेलं. खडकमाळला सलग सहाव्या वर्षी एकही अपघात झाला नाही. आपल्या विजेमुळे किती कोळसा जळायचा वाचला, तो आकडा इतका मोठा आहे की वाचताना मला दम लागेल. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

कागद देखणा आहे, साहेब. पण त्यात वारा कुठे आहे?

आमच्या माळावर सकाळी नऊच्या सुमाराला येऊन बघा. कुसळी गवतावरून पंख्यांच्या लांब सावल्या सरकत असतात. मेंढरं खाली मान घालून चरतात, सावली त्यांच्या पाठीवरून जाते, ती मानही वर करत नाहीत. वारा मंद असला की पातं खाली येताना दूर कुणीतरी जात्यावर दळत असल्यासारखा आवाज येतो. तिथे दहा मिनिटं उभं राहिलं की आपण कशाला आलो होतो तेच आठवत नाही. मी प्रमुख झाले त्या दिवशी अशीच उभी राहिले होते आणि बैठक चुकवली होती. ते साहेबांना आज कळतंय.

बन्सीभाऊ या माळावर बावीस वर्षं पहारा करत आले. म्हणजे नोकरी म्हणून. एरवी त्यांचा जन्मच तिथला. कानाच्या पाळीला गार लागलं की वारा कुठून येणार ते सांगतात. आणि अशा माणसाच्या नोकरीच्या फाइलीत एक शेरा आहे, 'वाऱ्याबद्दल चुकीची माहिती दिली.' मंडळी, हा शेरा कसा आला ते मला आज सांगायचं आहे. कागदावर नाही ते.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच सावेडीच्या ऑफिसात लागले होते. वीज पडून माळावरचं वारा मोजायचं यंत्र जळालं. नवं येईपर्यंत बन्सीभाऊंनी रोज सकाळी डोंगरावरून फोन करायचा आणि मी संगणकावर नोंद करायची, असं ठरलं. नोंदीला इंग्रजीत तीनच पर्याय होते, लो, मीडियम आणि हाय. 'हाय' नोंदलं की धोका नको म्हणून सगळे पंखे थांबवायचे, असा तेव्हाचा नियम.

पहिल्या सकाळी फोन आला. मी विचारलं, "वारा?"

ते म्हणाले, "हाय."

मी नोंदलं, हाय.

हसताय? हसा. मला त्या वेळी हसू आलं असतं तर बरं झालं असतं. माझे वडील मराठीचे मास्तर. घरात कुणी 'हाय' म्हटलं की जेवण थांबवून 'आहे' म्हणायला लावायचे. त्यामुळे 'हाय' हा शब्द मला फक्त इंग्रजीतच ऐकू यायचा. शुद्ध भाषेचा असाही तोटा असतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "म्याडम, वारा हाय, पन पंखे उभेच हायेत." मी म्हटलं, "हाय आहे म्हणूनच उभे आहेत." भाऊ म्हणाले, "बरं. तुमाला ठावं." असे अकरा दिवस गेले. अकरा दिवस सोन्यासारखा वारा माळावरून वाहून गेला आणि एकही पातं हललं नाही.

नवं यंत्र बसलं तेव्हा वारा बेताचाच निघाला, आणि चौकशीला बाहेरून एक साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, दुभाषी मीच. त्यांनी विचारलं, वारा जोराचा नव्हता, तरी 'हाय' असं तुम्हीच सांगितलं का? भाऊ म्हणाले, "हुता म्हनून हाय म्हनलं. नसता तर न्हाई म्हनलो असतो." त्या क्षणी मला उलगडलं. मी नवी होते, अजून कायम व्हायची होते. मी साहेबांना एवढंच सांगितलं, "ते म्हणतात, सांगितलं." शब्द खोटा नव्हता. मी खोटी होते.

मी कायम झाले. कायम होणाऱ्यांच्या यादीतून बन्सीभाऊंचं नाव कापलं गेलं आणि पुढची पाच वर्षं ते कंत्राटावर राहिले. त्या वर्षीच्या अहवालात कर्मचारी संख्या दोनशे अकरा होती. मी ती अनेकदा वाचली आहे. त्यात मी होते, ते नव्हते. आणि गावात पोरंसोरं म्हणायला लागली, "बन्सीला वारा कळत न्हाई." शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे किती लागत असेल?

मला अजून एक स्वप्न पडतं. माळावरचं सगळं गवत वाकलेलं आहे आणि पंखे स्तब्ध उभे आहेत. आवाज कसलाच नाही. मी कुणाला तरी सांगायला धावते आणि तोंडातून शब्द फुटत नाही.

गेल्या मंगळवारी त्यांच्या घरी जाऊन मी सगळं कबूल केलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं, म्याडम. तुमचं तोंड पांढरं पडलं. नवी पोरगी हाय, नोकरी जाईल, म्हनून म्या गप बसलो." मला रडू आवरेना. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या बनुबाई म्हणाल्या, "त्ये बसले गप. म्या न्हाई बसायची. चार लोकांत डाग लागला, चार लोकांतच पुसा."

बनुबाई, हे चार लोक. साहेब, हे माझं पत्र. यात लिहिलं आहे, त्या अकराही दिवसांत वारा होता. बन्सी ठुबे यांनी तो बरोबर सांगितला. नोंद करणारीला मराठी येत नव्हतं. तो शेरा त्यांच्या फाइलीतून काढून माझ्या फाइलीत लावावा. मग माझं जे व्हायचं ते होवो.

आता थांबते. आपण सगळे ऊन डोक्यावर घेऊन आलात आणि इतकं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं भाषणाच्या शेवटी म्हणायची पद्धत आहे. मी ते आजवर सवयीने म्हणत आले. आज बन्सीभाऊंकडे बघून म्हणते आहे. भाऊ, माफ करा.

आणि जाता जाता एक काम. त्या खिडकीतून बाहेरचा लिंब दिसतोय. बन्सीभाऊ, वारा?

...

ऐकलंत ना सगळ्यांनी? हाय म्हणाले. या वेळी मी मराठीत लिहून घेते.