मूळ फ्लॉप्या

— नाही, बसू नका, उभ्याउभ्याच बघा. चपला बाहेर काढल्यात ना? मुंबईचे साहेब असलात तरी माझ्या या काचेच्या खोलीत धूळ चालत नाही. सातपूरच्या या कारखान्याचा कॉम्प्युटर मी, मोतीराम शेवाळे, एकटा चालवतो, आणि तुमच्या कंपनीचा माणूस असा न कळवता तपासायला येतो हे मला अजिबात आवडलेलं नाही. लायसन्स पाहिजे? हे घ्या, दोन आहेत. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं हे — कायमचं, या एका मशीनपुरतं. नव्या व्हर्जनचं हे — तीन महिने वापरून बघा, विकत घेतली नाही तर परत करा आणि जुनी चढवा. वाचलंय मी. तुम्हाला वाटतं नाशकात कोणी वाचत नाही.

हो, मुदत दिवाळीत संपली. हो, आता फेब्रुवारी आहे. मग स्क्रीनवर ऑक्टोबर कसा? — मी घालतो म्हणून. रोज सकाळी तारीख मागची घालतो, नाहीतर तुमची नवी सिस्टिम उठतच नाही. सापडलं एकदाचं, शाबास. जुनी का नाही चढवली? चढवली असती हो, पण कशावरून? तिच्या मूळ फ्लॉप्या खराब झाल्या, खंडेनवमीला. त्या दिवशी इथे लेथची पूजा होते, ड्रिलची होते, मग कॉम्प्युटरची नको? तर पुंजाने, आमच्या शिपायाने, या दारात नारळ फोडला आणि पाणी आत उडालं, पाटावर फ्लॉप्या मांडल्या होत्या त्यांच्यावर. दिवाळीनंतर जुनी चढवायला गेलो तेव्हा कळलं. मोठ्या साहेबांनी त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. विषय संपला.

ठेवा त्या फ्लॉप्या खाली. उजेडात काय धरताय? लाल — ते कुंकू आहे. पूजा म्हटली की कुंकू आलंच. पाचही फ्लॉप्यांवर, हो. नेमकं त्या लांबट भोकात, आतली चकती उघडी असते तिथे, हो, बोटाचा ठसा दिसतोय, मलाही दिसतोय. मशीनच्या पेटीला फूल वाहून काय होतं, खरा जीव फ्लॉपीत — असं वाटलं मला त्या वेळी. पुंजा? तो या खोलीत कसा येईल, किल्ली माझ्याकडे असते — हे बघा, मला दोन मुली आहेत, आणि साहेब समोर उभे राहून विचारत होते, कोणी केलं. नारळाचं तोंडात आलं. मूळ फ्लॉपीची एक नक्कल काढून ठेवावी असं तुमच्या कागदात आहे, ती मी काढली नव्हती. एवढं सगळं मी सांगणार होतो का तिथे?

आणि तो गधडा भांडलासुद्धा नाही. मागच्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला देवळाबाहेर बेल विकताना दिसला. मी तोंड फिरवलं, तर त्यानेच हाक मारली — शेवाळेसाहेब, मशीन चालू झालं का? झालं म्हटलं. म्हणाला, बरं झालं, मला झोप येत नव्हती, माझ्या हातून केवढं नुकसान झालं. लय जपून फोडला होता म्हणे नारळ. मी बेल घेतला आणि आत गेलो.

तुम्ही काय लिहिताय? तारखेचं लिहा, नकलेचं लिहा. पुंजाचा तुमच्या लायसन्सशी काय संबंध? दाखवा तो कागद. बरं, नका दाखवू. सही मी करणार नाही. निघा. म्हटलं ना, निघा — मोठ्या साहेबांची केबिन त्या बाजूला नाही, जिन्याच्या डावीकडे आहे.