डॉल्फिनचं नाक

...नाही, मला एवढंच सांगा, परवाना कुणाच्या गळ्यात होता? माझ्या! फोटोसकट, शिक्क्यासकट, निळ्या फितीला लटकलेला परवाना माझ्या गळ्यात होता, आणि ते तोरिनोचे इंजिनियरसाहेब 'प्रोफेसर, प्रोफेसर' करत पळत कुणाच्या मागे होते? माझ्या आजोबांच्या! जे पाचवीत असताना शाळेच्या भिंतीवरून उडी मारून बाहेर गेले ते अजून परत आत गेलेले नाहीत, त्यांच्या! प्रोफेसर म्हणे!

हसू नका. तुम्हाला हसायला काय जातंय? पाच वर्षं मी पुरातत्त्व शिकले. विटेवरचा शिक्का बघून वीट कुठल्या भट्टीतली ते मी सांगते. मग ती मार्गदर्शकांची परीक्षा, चार वेळा पुढे ढकललेली, पाचव्यांदा झाली तेव्हा केंद्रातले पंखे बंद, त्यात मी नववी आले, आणि नववी येऊन काय केलं? चौदा महिने विमानतळावर दुसऱ्यांच्या नावाची पाटी धरून उभी राहिले! कारण आमच्या सहल कंपनीच्या मालकीण तेओदोलिंदाबाई म्हणतात, "तुझं वय काय ग? पाहुण्यांना पिकलेले केस लागतात. अवशेष दाखवायचे म्हणजे जरा..." जरा काय? मी पण पडायला आले पाहिजे?

शेवटी एकदाचं बोलावलं. "हे बघ ओर्तेन्झिया, माझे इंजिनियर दीर आणि जाऊबाई तोरिनोहून येतायत. दोघांनाच ओस्तिया, रोमचं ते जुनं पडकं बंदर, दाखवायचं, सकाळचे तीन तास. खूश झाले तर शनिवारच्या सगळ्या खासगी फेऱ्या तुझ्या."

"आणि नाही झाले तर?"

"तर पाटी आहेच की."

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं? मी तीन आठवडे तयारी केली. कुठे थांबायचं, कुठे सावली आहे, कुठे श्वास घ्यायचा, सगळं लिहून काढलं. आणि एक गोष्ट मुद्दाम केली. आजोबांना सांगितलं नाही. कारण आजोबा त्या अवशेषांत अडतीस वर्षं पहारेकरी होते आणि घर फाटकापासून चालत सात मिनिटांवर! आजोबांना नाही सांगितलं, फक्त आजीला सांगितलं... हो, हो, माझंच चुकलं, माहितीये मला!

शनिवारी सकाळी नऊला फाटकावर पोचते तर काय? पांढराशुभ्र शर्ट, लग्नातला कोट, घडीची खुर्ची काखेत, आजोबा हजर. एर्सिलियो आजोबा. वय एक्याऐंशी.

"आजोबा, तुम्ही इथे?"

"सहज आलो."

"लग्नातला कोट घालून?"

"हवा गार आहे."

जून महिना हो! आणि मी काही बोलायच्या आत ते इंजिनियरसाहेबांचा हात हातात घेऊन, "या, या, माझ्या घरी तुमचं स्वागत आहे!" घरी? दोन हजार वर्षांचं शहर, आणि हे म्हणतात माझं घर! मी बाजूला ओढून दबक्या आवाजात सांगितलं, आजोबा, नव्या निरीक्षक बाई आल्यायत, फार कडक आहेत, त्यांनी बजावलंय, बिनपरवान्याचा माणूस माहिती देताना दिसला तर त्या फेरीच्या मार्गदर्शकाचा परवाना जप्त. माझा, आजोबा! तुम्ही आलात तर या, पण एक अक्षर बोलायचं नाही. आजोबांनी छातीवर हात ठेवला. "एक अक्षर नाही. आईशप्पथ."

ती आई वारून पन्नास वर्षं झाली. तिला काय फरक पडतोय!

पहिली दहा मिनिटं, खरंच सांगते, स्वर्ग होता. मी बोलतेय, इंजिनियरसाहेब मान डोलावतायत, इल्देगार्दाबाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, वहीत टिपून घेतायत. मग आली जुनी खानावळ. दगडी ओटा, भिंतीवर रंगवलेल्या भाज्या. मी सांगायला घेतलं की हे चित्र तिसऱ्या शतकातलं असून... आणि मागून आवाज, "बाईसाहेब, आर्टिचोकच्या भाजीत तुम्ही काय घालता?"

"पार्सली," बाई म्हणाल्या. "आणि थोडं लोणी."

"लोणी!!"

अहो, ती किंकाळी! कड्यावरून माणूस पडला तरी कुणी असं ओरडत नाही! "लोणी, इंजिनियरसाहेब? आणि तुम्ही ते खाता? पुदिना, बाईसाहेब, रानपुदिना! इथे, ह्याच ओट्यावर, लोणी मागितलं म्हणून एका माणसाला हाकलून दिलं होतं!"

"केव्हा?" बाईंनी वही सरसावली. वही! माझ्या तिसऱ्या शतकाच्या वेळी मिटलेली वही!

"तेव्हाच," आजोबा म्हणाले.

परवाना कुणाच्या गळ्यात? माझ्या. मी घसा खाकरला, पुढे चला म्हटलं. पुढे काय? पुढे सार्वजनिक शौचालय. संगमरवरी बैठक, ओळीने भोकं, खाली वाहत्या पाण्याचा पाट... मला सांडपाण्याच्या व्यवस्थेवर पाच मिनिटं बोलायचं होतं, मी त्यावर निबंध लिहिलाय, त्याला चांगले गुण आहेत! पण तोवर आजोबांनी दोघांना तिथे बसवलेलं. शेजारी शेजारी! "नाही नाही बाईसाहेब, जरा डावीकडे. हां. बरोबर तिथे सम्राट बसला होता."

"आजोबा, सम्राट सार्वजनिक शौचालयात कशाला येईल?"

"का? त्याला लागत नव्हती?"

"कुठला सम्राट?"

"जो त्या दिवशी आला होता तो!"

आणि इंजिनियरसाहेब, चाळीस वर्षं पूल बांधलेला माणूस, त्या भोकावर बसून डोळ्यात पाणी येईस्तोवर हसतोय, आणि मला काय म्हणतोय? "मुली, जरा आमचा फोटो काढतेस? प्रोफेसरना पण घे त्यात." मुली! आमच्याकडे पदवी घेतलेल्या माणसाला, मग तो बेकार का असेना, डॉक्टर म्हणतात, कपडे धुवायच्या दुकानातला बाबासुद्धा मला डॉक्टरीणबाई म्हणतो, आणि इथे परवाना गळ्यात घालून मी 'मुली'!

पण कळस अजून व्हायचाय. व्यापाऱ्यांचा चौक. चारी बाजूंनी दुकानांची जोती आणि जमिनीवर बारीक खड्यांची चित्रं, जहाजं, दीपस्तंभ, मासे. पण जूनमध्ये त्यावर धुळीचा असा थर बसतो की जहाज म्हणून दाखवलं तर लोक म्हणतात, कुठे? पूर्वी पहारेकरी काय करायचे? बादलीभर पाणी ओतायचे! मेलेलं चित्र टुणकन उठून बसायचं. आता सक्त मनाई आहे. ओलाव्याने चुना सुटतो, खडे उखडतात, शेवाळ धरतं, मी आजोबांना हे हजारदा सांगितलंय, तक्ता काढून सांगितलंय! आणि आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशातून काय निघालं? बाटली.

"आजोबा, नाही."

"घोटभर."

"आजोबा, चुना!"

"चुना माझ्या ओळखीचा आहे."

आणि ओतलं!

...आता खोटं कशाला बोलू? करड्या धुळीतून एक काळाभोर डॉल्फिन वर आला. सळसळून. असा, की आत्ता शेपटी मारेल. इल्देगार्दाबाई वही विसरून खाली वाकल्या. इंजिनियरसाहेबांनी टोपी काढली. आणि मी... पाच वर्षं शिकले, याच चित्राचं माप घेऊन नकाशा काढला, आणि त्याला डोळा आहे हे मला त्या दिवशी कळलं. एकच पांढरा खडा. बघत होता. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, आणि त्याचाच जास्त राग आला!

आजोबा खुर्ची उघडून बसले. आवाज खाली आणला, दारूच्या पिंपातून यावा तसा. "हे ज्याने घडवलं ना, इंजिनियरसाहेब, त्या कारागिराचं धान्याच्या व्यापाऱ्याच्या पोरीवर मन बसलं होतं. पोरीचंही त्याच्यावर. दोघांचं सगळं जुळलेलं. पण मध्ये एक..."

आणि थांबले. एकदम.

मी मागे वळले. निरीक्षक बाई! काळा चष्मा, हातात वही.

"कोण बोलत होतं?"

आता आजोबांकडे बघा! क्षणापूर्वीचा प्रोफेसर गायब. तिथे एक गरीब बिचारा म्हातारा बसलाय, पाइनच्या शेंड्यांकडे बघतोय, ओठ हलतायत, जप करत असावा. इंजिनियरसाहेब बुटांचे बंद मोजतायत. गळ्यातला परवाना मला एवढा जड कधीच लागला नव्हता. गेला, म्हटलं. शनिवार गेले, परवाना गेला, आता मरेपर्यंत विमानतळ आणि पाटी.

आणि इल्देगार्दाबाई शांतपणे म्हणाल्या, "ही बोलत होती."

"आवाज जाड होता," निरीक्षक बाई म्हणाल्या.

"मला सर्दी आहे," मी म्हटलं. जाड आवाजात!

"आणि हे ओलं कसं झालं?"

"बाटली निसटली हो," आजोबा पुटपुटले, आणि हात थरथरायला लागला. तोच हात, जो अजून वाइनचं भरलेलं पिंप एकट्याने फिरवतो!

निरीक्षक बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ठीक आहे. बोला पुढे. मीही ऐकते."

"हो ना," इल्देगार्दाबाई पुढे सरकल्या, "मध्ये एक काय, मुली?"

तुम्ही काय केलं असतं? माझ्याकडे पुरावे होते, तारखा होत्या, विटा होत्या. त्यांतलं एकही त्या पोरीच्या आणि कारागिराच्या मध्ये बसण्यासारखं नव्हतं. मी आजोबांकडे बघितलं. पाइनकडे बघत होते, निर्लज्ज! आणि माझ्या तोंडातून, त्या जाड आवाजात, बाहेर पडलं, "मध्ये एक... आजोबा!"

मग काय विचारता! सुटलेच मी. म्हटलं, त्या पोरीचे आजोबा तिला क्षणभर एकटं सोडत नसत. ती बंदरावर गेली की हे बंदरावर, ती हमामात गेली की हे दाराशी खुर्ची टाकून! सगळ्या गावाशी बोलणार हे, सगळ्यांच्या चुलीत डोकावणार हे, आणि पोरीने तोंड उघडलं की तिचं वाक्य पुरं करणार हेच! तिला हिशेब येत होता, लिहिता येत होतं, ती बापाची सगळी गोदामं सांभाळू शकली असती, पण गिऱ्हाईक विचारणार कुणाला? आजोबांना! कारण आजोबा गमतीदार! वर्षभर त्या कारागिराला तिच्याशी सलग चार शब्द बोलता आले नाहीत! शेवटी तो वैतागला, आणि त्याने काय केलं? व्यापाऱ्याने मागितलेल्या ह्या डॉल्फिनला आजोबांचं तोंड लावलं! बघा नीट! ते नाक बघा, मधे मोडलेलं! ते तोंड बघा, सदा उघडं! येणाराजाणारा दोन हजार वर्षं ह्यांच्या नाकावरून चालत जाईल, पण ह्यांना एक अक्षर बोलता येणार नाही!

माझा श्वास संपला.

चौघांनी डॉल्फिनकडे बघितलं. मग हळूच, एकाच वेळी, आजोबांकडे. त्यांचं नाक मधे मोडलेलं आहे. तोंड, त्या क्षणी, उघडं होतं.

निरीक्षक बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "याला आधार काय?"

"विटेवरचा शिक्का," मी म्हटलं.

"कुठे छापून आलंय?"

"येणार आहे."

त्या वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या. मागून त्यांचे खांदे हलताना मी बघितले.

फाटकापर्यंत आजोबा एक शब्द बोलले नाहीत. अडतीस वर्षांत पहिल्यांदा ती पायवाट त्यांनी मुकाट पार केली असेल. पाहुणे गाडीत बसले, तेव्हा खुर्ची मिटत म्हणाले, "मी तुझ्या मध्ये येतो का ग?"

मी म्हटलं, येता.

"हं." थोडं चालले. "नाक जरा जास्त झालं. शेवट मात्र चांगला केलास."

संध्याकाळी तेओदोलिंदाबाईंचा फोन. दीर खूश, जाऊबाई तर वेड्याच झाल्या, शनिवार तुझे. मी स्वयंपाकघरात नाचले! आणि मग त्या म्हणाल्या, "तोरिनोहून त्यांच्या आठ मैत्रिणी येतायत. डॉल्फिनची गोष्ट ऐकायला."

तुम्हाला सांगते, मी प्रयत्न केला! पुढच्या शनिवारी मी त्यांना भट्ट्या दाखवल्या, शिक्के दाखवले, सांडपाणी समजावलं. आठही जणी सभ्यपणे ऐकतात आणि विचारतात, आजोबा कधी येणार? परवा दुसऱ्या एका कंपनीचा मार्गदर्शक, पिकलेल्या केसांचा, तीच थाप पन्नास शाळकरी पोरांना सांगत होता. वर म्हणाला, "असं तज्ज्ञांचं मत आहे." तज्ज्ञ म्हणजे कोण? मी!

आणि आजोबा? दिलेला शब्द पाळतात. बाटली बंद, एक अक्षर बोलत नाहीत. चौकात माझ्या आधी जातात, लग्नातल्या कोटात डॉल्फिनच्या शेजारी उभे राहतात, तोंड एका बाजूला वळवून, जरासं उघडं ठेवून. काल एका बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मला विचारलं, "यातलं जुनं कोणतं?"

परवाना माझ्या गळ्यात आहे, उत्तर मलाच द्यावं लागतं. म्हटलं, बाई, दोन्ही जुनीच आहेत, आणि दोन्हींवर पाणी ओतायला मनाई आहे.