टिल्लूचा फोन

— ठेवला. त्यांचाच होता, दुसरं कोण असणार. तुम्ही सरळ उभ्या राहा ताई, खाली बघू नका, खाली बघितलं की पॅन्ट मागून वर ओढली जाते आणि माप चुकतं. समोर आरशात बघा. हां, असं. ऑफिसला हेच बूट घालणार ना? मग ठीक. नाही हो, चिडले नाही मी, माझा आवाजच असा झालाय. पूर्वी असा नव्हता. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तरांची मुलगी किती गोड बोलते — मास्तर म्हणजे माझे बाबा, दुकान त्यांचंच, अजून आत पडद्यामागे बसून काजं-बटणं करतात. कान गेलेत, हात शाबूत आहेत. पण आता गोड बोलणं परवडत नाही. सकाळी शटर वर केलं की सुरू. कोण मॅडम म्हणतं, कोण थेट अगंतुगं करतं, एकजण तर — जाऊ दे, तुमच्यासमोर नको. वसुलीवाले. माझं नाही हो कर्ज, मी कशाला काढतेय. धाकट्या भावाचं.

टिल्लू म्हणतो आम्ही त्याला. लहानपणी एवढासा होता म्हणून टिल्लू, पुढे दारात वाकून यावं लागायचं एवढा वाढला तरी टिल्लूच. छापखान्यात कामाला होता. मालकाने पगार लांबवला — आज देतो, सोमवारी देतो — आणि याने फोनवर कसलं ते ॲप घेतलं. दोन मिनिटांत पैसे, पगार झाला की परत. बटण दाबायचं, पुढे बटण, पुढे बटण. त्यातल्या कुठल्या तरी बटणात त्याने स्वतःच्या फोनमधली सगळी नावं त्यांच्या हवाली केली. वाचतं कोण? तुम्ही वाचता? मीही नाही वाचत. पगार तर झालाच नाही. मग ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून काढले, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्यावरून. आमच्यापाशी चकार शब्द नाही. जेवताना हसायचा, बाबांची चेष्टा करायचा, आणि खिशात फोन नुसता थरथरत असायचा. मी म्हटलं, प्रेमात-बिमात पडलास का रे? म्हणाला, हो, ती सोडतच नाही मला.

दुसरा पाय जरा पुढे घ्या. मार्जिन भरपूर आहे हिच्यात, कापत नाही, आत दुमडते, म्हणजे पुढे लागली तर सोडता येईल. — कशासाठी काढलं? असंच, घरखर्च असतो, हे असतं, ते असतं. आणि मग त्यांनी काय केलं, त्याचा फोटो घेतला. फोटोखाली लिहिलं, हा इसम फसवा आहे, पैसे बुडवून फरार. आणि त्या नावांच्या यादीतल्या एकेकाला पाठवला. छापखान्याच्या मालकाला पाठवला. मालकाने दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं, मागचा पगार अडकला तो अडकलाच. बघा म्हणजे अक्कल. ज्या पगारातून फेडायचं तो पगारच यांनी घालवला आणि वर विचारतात, कधी भरताय. माझ्या गिऱ्हाइकांनाही गेला तो फोटो, शिवलेले कपडे तोच पोचवायचा म्हणून त्यांचे नंबर होते त्याच्या फोनमध्ये. एका बाईंचे लग्नाचे कपडे होते माझ्याकडे, कापूनसुद्धा झाले होते, त्या आल्या आणि तुकडे पिशवीत भरून घेऊन गेल्या. निदान बोलायचं तरी.

नंबर बदला — हो, तुम्हीही तेच म्हणणार. सगळे तेच म्हणतात. पोलीसही तेच म्हणाले, नंबर बदला बाई. नाही बदलत. दुकानाच्या पाटीवर रंगवलाय, इतकी वर्षं लोकांकडे आहे, धंदा बसेल माझा. — धंदा तसाही बसलाच आहे म्हणा. आज सकाळपासून तुम्हीच पहिल्या. खरं सांगू का, ती पाटी टिल्लूने रंगवलीय. छापखान्यात अक्षर बघून बघून त्याचा हात बसला होता. त्याला जगातला हा एकच नंबर पाठ आहे. स्वतःचा फोन तो घरीच टाकून गेला, बंद करून, कपाटातल्या कपड्यांखाली. म्हणजे केलाच त्याने कधी फोन, तर कुणाच्या तरी फोनवरून करणार, अनोळखी नंबरवरून. आणि हे वसुलीवालेही रोज नव्या नंबरवरून करतात. तेव्हा मला प्रत्येक फोन उचलावाच लागतो. कळलं? प्रत्येक. आंघोळीतून ओल्या हाताने धावत येऊन उचलते आणि पलीकडून शिव्या ऐकते.

गेला म्हणजे गेला हो, घरातून. भांडणतंटा काही नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. फोन आला, बाबांनी घेतला — तेव्हा थोडंफार ऐकू यायचं त्यांना. पलीकडचा काय बोलला देव जाणे, बाबांचा चेहरा पार बदलला. आयुष्यात कुणाचं उधार ठेवलं नाही त्या माणसाने, दोऱ्याचं रीळसुद्धा रोखीने आणायचे. ते म्हणाले, चुकीच्या घरी फोन केलाय तुम्ही. मला मुलगा नाही. एवढंच, आणि ठेवला. मला वाटलं, बरं झालं, डोकं चालवलं बाबांनी, आता पिच्छा सोडतील. मी हसलेसुद्धा. टिल्लूने ताटातलं संपवलं. उठला, ताट घासून पालथं घातलं. म्हणाला, जरा जाऊन येतो. मशीनवर तेलाचा डाग पडलाय तो पूस, म्हणाला. ही, ही ओव्हरलॉकची मशीन, कापडाच्या कडा बांधायची. हिचीच मोटर जळली होती, मित्राकडून घेतलेत पैसे म्हणाला होता, घे नवीन बसवून — आता विचारलंत ना कशासाठी काढलं. त्यासाठी.

नाही, हलू नका. माझ्या डोळ्यांत काही नाही, हा उजेडच असा पडतो.

तर नंतर बाबांचे कान आणखी गेले. फोन मोठ्या आवाजावर टाकून कानाला लावतात तेव्हा चार शब्द कळतात, तेही जीव एकवटून. पण फोन वाजला की माझ्याआधी झडप घालणार. पलीकडून कुणी काही बोलायच्या आत यांचं सुरू — टिल्लू? टिल्लू, कुठून बोलतोस? जेवलास का? वसुलीवाले आधी हसायचे. एक दिवस मी अस्तर आणायला बाजारात गेले होते. परत येते तर बाबा बसलेत, मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज, आणि हसतायत. म्हणाले, आला की नाही फोन, तू उगीच रडत होतीस. मला म्हणाला, हो बाबा, टिल्लूच. म्हणाला, तेवढं कर्ज फेडा म्हणजे मला परत येता येईल, या नंबरवर पाठवा. आणि यांनी पाठवले. शेजारच्या मोबाईलवाल्याकडे जाऊन, आपल्या मरणासाठी म्हणून बाजूला ठेवलेले — तेच ठेवले होते, दुसरे काही नव्हते — सगळे पाठवले.

मी तो नंबर लावला. उचलला त्याने, लाज नाही, भीती नाही. पंचविशीचा असेल. जेवढं तोंडात आलं तेवढं बोलले. मग म्हणतो, ताई, मलाही महिन्याचं टार्गेट असतं. तुमच्या वडिलांनी स्वतःहून हाक मारली, मी नुसतं हो म्हटलं. म्हटलं, तुला बाप आहे का? म्हणाला, आहे, पण असा विचारत नाही. मी फोन आपटला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. संपलं, म्हटलं.

संपतंय कुठलं. बाबांना मी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ते वाट बघायला लागले. आधी रात्री जेवेनात, म्हणायचे, त्याचा फोन येऊ दे मग बसू. मग सकाळचंही राहायला लागलं. काजं वाकडी यायला लागली, सुई ओवता येईना. आणि मग — हसू नका हं. मीच त्या टार्गेटवाल्याचा नंबर ब्लॉकमधून काढला. मीच होऊन त्याला फोन केला. वसुलीवाल्याला स्वतःहून फोन करणारी बाई ऐकलीय कधी? म्हटलं, आठवड्यातून एकदा बोल त्यांच्याशी. काय पाहिजे ते मी देईन. आणि बोलतो हो. मन लावून बोलतो. बाबा, गुडघा कसा आहे, बाबा, औषध घेतलं का. टिल्लूने कधी गुडघा विचारला नव्हता. शेवटी फोन माझ्याकडे आला की आवाज बदलतो — ताई, या वेळचं तेवढं बघा. देते. कर्जात धरतात की हा स्वतःच्या खिशात घालतो, विचारलं नाही मी. बाकीचे फोन चालूच आहेत म्हणजे बहुतेक खिशातच. पण बाबा जेवतात.

झालंच, एवढी एक टाचणी. — नाही, तसं बरं चाललं होतं. वाईट नव्हतं. मागच्या महिन्यात मी समोर पाणी भरायला गेले होते, आत येताना बाबांचा आवाज कानावर आला. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते ओरडून बोलतात. म्हणत होते — कोण तू? माझा टिल्लू मला दर आठवड्याला फोन करतो. परवाच बोललो. तुम्ही लोक पैशासाठी माझ्या पोराचं नाव घेता, लाज नाही वाटत? आणि ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, बघ, आता मलाही कळतात यांच्या लबाड्या. खूश होते हो स्वतःवर.

मी तो नंबर लावला. एका गॅरेजवाल्याचा निघाला, कुठल्या कुठे, नावही ऐकलं नव्हतं त्या गावाचं. म्हणाला, एक पोरगा आला होता, एक फोन करू द्या म्हणाला, केला आणि गेला. म्हटलं, कसा होता? म्हणाला, उंच होता. आमच्या शटरखालून वाकून बाहेर पडला. काही बोलला का? तर म्हणाला, नाही बाई, फोन पुसून परत दिला. मी रोज लावते तो नंबर. आता तो गॅरेजवालाही वैतागलाय, उचलत नाही माझा.

काय? — सांगून टाका म्हणता. बाबांना खरं सांगून टाका. तेवढ्यासाठी इतका वेळ ऐकत होतात होय? बरं. ते आत आहेत. पडदा बाजूला सारा आणि तुम्हीच सांगा — मास्तर, तुमच्याशी गुडघ्याचं बोलतो तो तुमचा कुणी नाही, आणि ज्याला हाकललंत तो तुमचा होता. मोठ्याने सांगावं लागेल हं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. जा ना. माझी काही हरकत नाही.

नाही ना होत.

मग उतरा त्या स्टुलावरून. सावकाश, टाचण्या आहेत. त्या कोपऱ्यात बदला, पॅन्ट तिथेच खुर्चीवर राहू दे. गुरुवारी मिळेल. फोन करून विचारू नका, सरळ या.