दोन पिंजरे

ससे पाळू का, असं मला विचाराल तर शिवी खाल. आमच्या धाकट्यानं सिल्वासाच्या घरात हौसेनं जोडी आणली आणि पिल्लंच पिल्लं झाली. ती वाटता वाटता सुनेच्या मैत्रिणी संपल्या. मी म्हटलं, "अरे, नर-मादी वेगळे ठेव. त्याला काय शाळा शिकावी लागते?"

त्यानं दोन पिंजरे केले, तर मादीनं खाणंच टाकलं.

जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "एकटी झुरते ती. नराचं ऑपरेशन करा, काही आठवडे थांबा, मग खुशाल एकत्र ठेवा. पिल्लं होणार नाहीत."

तसं केलं. जोडी पुन्हा एका पिंजऱ्यात आली आणि मादी पाला खायला लागली. पोरगा म्हणतो, "बघा बाबा, कशी चिकटून बसलीत. उगाच वेगळं केलं आपण त्यांना."

आता तुमची वहिनी दोन वर्षं झाली धुळ्याला, थोरल्याची पोरं सांभाळते. मी इथं धाकट्याच्या दारात बसलेला.

मी म्हटलं, "मग तुझ्या आईलाही घेऊन ये. आम्हाला तर ऑपरेशनपण लागणार नाही."